हृदयाची साक्ष

गेल्या अंकांत नाईल नदीच्या पुराविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका वाचकभगिनीनें पत्र पाठवून एक प्रश्न विचारला आहे, व तो इतका रास्त आहे कीं, योजिलेला विषय बाजूस ठेवून या महिन्याचें टिपण त्यालाच द्यावें असें मीं ठरविलें. त्या लिहितात : ज्या लोकांनीं पिरॅमिड उभारले, ज्यांनीं वर्षाचे ३६५ दिवस मोजून पंचांग बांधलें, त्याच मिसरी लोकांनीं शेणाच्या गोळ्या लोटीत फिरणाऱ्या किड्याला देवपण द्यावें, आणि त्याची प्रतिमा करून गळ्यांत, बोटांत, इतकेंच नव्हे तर मेलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावी, याचा अर्थ काय समजावयाचा?

उपहास करणें सोपें आहे. रोमन कवि ज्युव्हेनल यानें मिसरी लोकांच्या पशुपूजेची एका उपहासकाव्यांत मनसोक्त टर उडविली आहे. परंतु ज्या घरांत नागपंचमीस नागाचें आणि पोळ्यास बैलाचें पूजन होतें, त्या घरांतील माणसांनीं तरी या बाबतींत घाई करूं नये. आधीं त्या किड्याची ओळख करून घेऊं.

हा भुंगेरा काळाभोर, चकचकीत, अंगठ्याच्या पेराएवढा असतो. डोक्याची पुढची कड दातेरी, आणि पुढच्या पायांनाहि दांते. या अवजारांनीं तो शेण कापतो, थापटतो आणि आपल्या देहाहून मोठा असा वाटोळा गोळा तयार करितो. मग डोकें खालीं व मागचे पाय गोळ्यावर, अशा उलट्या चालीनें तो गोळा ढकलीत नेतो. चढ लागला कीं गोळा घरंगळतो, कीं हा पुन्हां खालीं जाऊन आरंभ करितो. सोयीची जागा मिळाली म्हणजे जमीन उकरून गोळ्यासह आंत जातो. कांहीं काळानें त्याच भूमींतून नवा भुंगेरा बाहेर पडतो.

प्राचीन मिसरी माणसानें इतकें पाहिलें. आकाशांतहि एक तेजोगोल रोज लोटला जातो, पश्चिमेस भूमीखालीं जातो, आणि दुसऱ्या दिवशीं नवा होऊन पूर्वेस उगवतो. हें दोन्ही त्याच्या मनांत एक झालें. ग्रीक ग्रंथकार प्लूटार्क लिहितो कीं, या जातींत मादीच नसते, नर आपलें बीज त्या गोळ्यांत घालतो व त्यांतून प्रजा होते. अर्थात् आईवांचून आपोआप जन्मणारा जीव, अशी त्या काळची समजूत.

ही समजूत चुकीची. खरा प्रकार उलगडला तो फ्रान्समधील जाँ आंरी फाब्र (१८२३-१९१५) या कीटकशास्त्रज्ञानें, आणि मला सांगावयास आनंद वाटतो कीं, हा गृहस्थ आयुष्याचीं पुष्कळ वर्षें शाळामास्तर होता. उघड्यावर लोटीत नेतात तो गोळा केवळ शिदोरीचा. अंडें त्यांत नसतेंच. मादी जमिनीखालीं निराळा, पेरूच्या आकाराचा पिंड करिते आणि त्याच्या निमुळत्या मानेंत एकच अंडें घालते. हा पिंड फाब्रला प्रथम आणून दाखविला तो एका मेंढपाळाच्या पोरानें! पंडितांचीं अनुमानें कित्येक शतकें चाललीं आणि उत्तर होतें एका गुराख्याच्या हातांत.

आणखी एक गोष्ट अलीकडची आहे. या भुंगेऱ्याचा सूर्याशीं कांहींएक संबंध आहे, ही मिसरी कल्पना अगदींच निराधार नव्हती. गोळा सरळ रेषेंत नेण्यासाठीं हे कीटक दिवसां सूर्याची दिशा धरितात. आणि २०१३ सालीं स्वीडन व दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, त्याच कुळांतील एक निशाचर जात चांदणें नसलेल्या रात्रीं आकाशगंगेच्या पट्ट्यावरून वाट ओळखते. त्यासाठीं त्यांनीं किड्यांच्या डोक्यांवर पुठ्ठ्याच्या टोप्या बसवून त्यांना आकाश दिसेनासें केलें, तेव्हां ते बिचारे भलतीकडेच भरकटूं लागले.

आतां शब्दाकडे वळतों. कारण माझ्या मतें या पूजेचें मर्म किड्यापेक्षां शब्दांत अधिक आहे. फ्रेंच पंडित शांपोल्यों यानें १८२२ सालीं मिसरी चित्रलिपीची किल्ली शोधून काढली, तेव्हांपासून हें आपणांस वाचतां येऊं लागलें. त्या लिपींत स्वर लिहीत नसत. भुंगेऱ्याचें चित्र काढलें कीं ख, प आणि र हीं तीन व्यंजनें उमटत, आणि त्यांपासून होणाऱ्या 'खेपेर' या क्रियापदाचा अर्थ होणें, अस्तित्वांत येणें, एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जाणें. म्हणजे आपल्याकडील धातुपाठ ज्या भू धातूनें सुरू होतो, जवळजवळ त्याचाच हा अर्थ. भव, भाव, भूत, भविष्य, संभव, प्रभाव हे सर्व शब्द एका किड्याच्या चित्रानें लिहावयाचे अशी कल्पना करून पाहा, म्हणजे त्या चित्राला केवढी प्रतिष्ठा आली असेल हें ध्यानांत येईल. मात्र येथें एक बजावून ठेवितों. अर्थाचें साम्य म्हणजे भाषेचें नातें नव्हे. मिसरी भाषेचें कूळ वेगळें, आणि 'सर्व कांहीं आपल्याकडूनच गेलें' असें म्हणण्याची जी हौस कांहीं लेखकांस असते, तिला येथें यत्किंचितहि आधार नाहीं.

या 'होण्या'च्या देवतेचें नांव खेप्री. उगवत्या सूर्याचें तें रूप. माध्यान्हींचा सूर्य रा आणि मावळतीचा आतुम. त्रिकाल संध्येची ओळख असलेल्या वाचकांना याहून अधिक फोड नको. राजेहि आपल्या नांवांत हा भुंगेरा आवर्जून घालीत. तिसऱ्या थुतमोसचें राजनाम मेन-खेपेर-रे, आणि ज्याची कबर १९२२ सालीं हॉवर्ड कार्टर यास सांपडली त्या तुतनखामेनचें नेब-खेपेरु-रे. या तुतनखामेनच्या एका उरोभूषणाच्या मध्यभागीं पिवळसर पारदर्शक भुंगेरा आहे. कार्टरनें त्याला एक प्रकारचा स्फटिक मानलें होतें. पुढें १९९६ सालीं इटालियन खनिजशास्त्रज्ञ व्हिन्चेन्झो दे मिकेले यानें पाहिलें, तेव्हां ती लिबियाच्या वाळवंटांत मिळणारी नैसर्गिक कांच आहे असें आढळलें. ती कांच सुमारें २ कोटी ९० लक्ष वर्षांची जुनी.

सामान्य माणसाचा ताईत अर्थातच इतका दुर्मिळ नसे. इसवी सनापूर्वीं २२०० च्या आसपास असे ताईत दिसूं लागतात, आणि पुढें दोन हजार वर्षें ते हजारोंनीं होत राहिले. बहुतेक बोटाच्या नखाएवढेच. नेहमींचा दगड म्हणजे शंखजिऱ्याचा; तो मऊ असल्यामुळें कोरावयास सोपा, आणि वर हिरवी-निळी झिलई देऊन भट्टींत भाजला कीं कठीण होतो. श्रीमंतांसाठीं जांबुळका स्फटिक, लाल अकीक, राजावर्त. पाठीवर किड्याचें डोकें, पंख, पाय. खालची बाजू सपाट, तिच्यावर नांव, देवतेचें चिन्ह किंवा नुसती वेलबुट्टी. लांबींतून आरपार भोंक, म्हणजे दोऱ्यांत ओंवतां येई किंवा सोन्याच्या तारेनें अंगठींत फिरता बसवितां येई.

अंगठींत तो बसला म्हणजे ताईताचा शिक्का होई. पेटीच्या, माठाच्या, पत्राच्या दोरीच्या गांठीवर ओल्या मातीचा गोळा लावून त्यावर भुंगेऱ्याचें पोट दाबावयाचें, शिक्कामोर्तब झालें. ज्यांनीं मुद्राराक्षस वाचलें आहे त्यांना अशा एका मुद्रेवर केवढें राजकारण फिरतें तें ठाऊकच आहे. अधिकाऱ्यांचे शिक्के तर सांपडतातच, परंतु 'नेबेत पेर' म्हणजे घरची स्वामिनी, अशी पदवी आणि आपलें नांव कोरलेले स्त्रियांचे भुंगेरेहि त्या जुन्या राजवटींतून मिळालेले आहेत. चार हजार वर्षांपूर्वीं कोणा गृहिणीनें आपल्या कोठीच्या दारावर स्वतःचा शिक्का मारला, ही गोष्ट मला राजांच्या विजयलेखांपेक्षां अधिक रुचते.

राजांनीं या लहानशा वस्तूचा जो उपयोग केला त्यांत तिसरा आमेनहोतेप (इसवी सनापूर्वीं १३९० ते १३५२ च्या सुमारास) सर्वांवर ताण करितो. त्यानें तळहातांत मावतील असे मोठे भुंगेरे करवून, त्यांच्या पोटावर बातम्या कोरून देशोदेशीं पाठविले. असे दोनशेंच्या वर आज उपलब्ध आहेत. एकांत, राज्यारोहणापासून दहाव्या वर्षापर्यंत आपण स्वतःच्या बाणांनीं १०२ सिंह मारले, अशी फुशारकी. दुसऱ्यांत पट्टराणी तियेसाठीं ३७०० हात लांब तलाव खोदल्याची वार्ता. तिसऱ्यांत त्या तियेचें नांव आणि जोडीला तिच्या आईबापांचीं नांवें, युया व थुया. तीं राजकुळांतील नव्हतीं, तरी राजाला त्यांत कांहीं कमीपणा वाटला नाहीं. दहाव्या वर्षाच्या भुंगेऱ्यावर मात्र सवतीच्या आगमनाची बातमी आहे : मितान्नीच्या राजाची कन्या गिलुखेपा ३१७ स्त्रियांसह आली. त्या लेखांतहि आधीं तियेचें व तिच्या आईबापांचें नांव, मग नवी राणी! हें मितान्नीचें राज्य आपल्याशीं खरोखरच एका धाग्यानें जोडलेलें आहे. पुढें त्याच राजघराण्यानें हित्ती राजाशीं जो तह केला, त्याच्या तुर्कस्तानांत बोगाझकोई येथें सांपडलेल्या मातीच्या विटांवर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांस साक्षी ठेविलें आहे.

नकली भुंगेऱ्यांविषयीं दोन शब्द सांगतों. तिसऱ्या थुतमोसचें नांव इतकें शुभ मानलें गेलें कीं, तो मेल्यावर कित्येक शतकें त्याच्या नांवाचे ताईत होत राहिले. म्हणून नांव वाचून काळ ठरवूं नये. आधुनिक लबाडीहि आहे. फिनिशियन खलाशांनीं आफ्रिकेला वळसा घातल्याचा 'पुरावा' म्हणून दोन मोठे भुंगेरे ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत आले होते. १९०८ सालीं बर्लिनच्या पंडितांनीं त्यांवरील भाषा तपासून ते बनावट असल्याचें सिद्ध केलें.

येथवरचें सर्व कौतुकाचें झालें. परंतु पत्रांतील खरा प्रश्न छातीवरच्या भुंगेऱ्याविषयींचा आहे, व तो अवघड आहे.

मिसरी लोक प्रेत टिकविण्यासाठीं त्यांतील मेंदू नाकावाटे काढून टाकीत, कारण त्याला ते किंमत देत नसत. हृदय मात्र जागच्या जागीं ठेवीत. बुद्धि, स्मृति, इच्छा सर्व हृदयांत, अशी त्यांची श्रद्धा. मरणोत्तर त्या माणसाला ओसिरिस देवापुढें, बेचाळीस न्यायदेवतांच्या सभेंत उभें करीत. तराजूच्या एका पारड्यांत त्याचें हृदय आणि दुसऱ्यांत मात म्हणजे सत्याची देवता, बहुधा केवळ एका पिसाच्या रूपानें. कोल्हेमुख्या अनुबिस कांटा पाहतो, थोत निकाल लिहितो, आणि जवळच मगरीच्या तोंडाची, पुढून सिंहाची व मागून पाणघोड्याची एक राक्षसी वाट पाहत बसलेली. पारडें बिघडलें तर हृदय तिच्या मुखीं.

आतां माणूस देवांपुढें 'मीं चोरी केली नाहीं, मीं मापांत कसर केली नाहीं' असें म्हणूं शकेल. परंतु पारड्यांतलें हृदय खरें बोललें तर? या भीतीवरचा उपाय म्हणजे हृदय-भुंगेरा. तो हिरव्या दगडाचा करावा, सोन्याचांदीच्या कोंदणांत बसवावा आणि मृताच्या गळ्याशीं ठेवावा, असा विधि आहे. त्याच्या पोटावर कोरावयाचा मंत्र 'मृतांचा ग्रंथ' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संग्रहांत तिसाव्या प्रकरणांत येतो. मंत्राची थोरवी सांगण्यासाठीं अशी कथा जोडली आहे कीं, मेनकौरे राजाच्या काळीं राजपुत्र होरदेदेफ देवळांची तपासणी करीत फिरत असतां त्याला तो देवाच्या पायांखालीं, देवाच्याच हस्ताक्षरांत सांपडला. मंत्रांत मृत मनुष्य आपल्या हृदयाला, आईपासून मिळालेल्या हृदया, अशी हांक मारून विनवितो कीं, माझ्याविरुद्ध साक्षीस उभें राहूं नकोस, सभेंत मला विरोध करूं नकोस, तराजूच्या रक्षकासमोर माझ्यावर उलटूं नकोस.

अमेरिकन पंडित जेम्स हेन्री ब्रेस्टेड (१८६५-१९३५) यानें या प्रकारास कडक दोष दिला आहे. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचा शोध जगांत प्रथम मिसर देशांत लागला असें मानणारा हा ग्रंथकार. त्याला दिसलें कीं, ज्या लोकांनीं हृदयाला साक्षीदार केलें, त्यांच्याच पुरोहितांनीं त्या साक्षीदाराचें तोंड बंद करण्याचा दगड बाजारांत आणून विकला. आणि तयार करून ठेविलेल्या कांहीं भुंगेऱ्यांवर मृताच्या नांवाची जागा अद्यापि कोरी आहे, हें पाहिलें म्हणजे त्याच्या रागाचें कारण समजतें. पैसे द्या, नांव घाला, सुटा.

तरीहि मला तो निकाल पुरता पटत नाहीं. त्याच मंत्राच्या शेवटीं मृत मनुष्य हृदयाला आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती सहसा कोणी उद्धृत करीत नाहीं : देवासमोर माझ्याविषयीं खोटें बोलूं नकोस. खरें दडवूं पाहणारा गुन्हेगार असें कशाला म्हणेल? मला तर यांत भ्यालेल्या माणसाचा स्वर ऐकूं येतो. तीसएक वर्षें वर्गांत उभा राहिल्यावर एवढें कळलें कीं, 'हें कोणीं केलें?' असें दरडावून विचारलें कीं, ज्यानें कांहीं केलें नाहीं तो पोरगाहि लाल होतो आणि त्याचें ऊर धडधडूं लागतें. स्वतःचें हृदयच आपल्याला दगा देईल ही धास्ती केवळ अपराध्यालाच असते असें नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत न्यायसभेंतील साक्षीदाराला, तुझ्या आंतच एक साक्षी बसला आहे, त्याचा अवमान करूं नकोस, या अर्थाचें बजावलें आहे. आपल्याकडे त्या आंतल्या साक्षीला नमावयाचें. मिसरी माणूस त्याच्याशीं बोलतो, आर्जव करितो, आणि भीति अनावर झाली म्हणजे त्याच्यावर दगड ठेवितो. भुंगेऱ्याचाच दगड कां, याचें उत्तर वर आलेंच आहे : ज्याचा अर्थ 'पुन्हां होणें' त्याच्याहून योग्य मूर्ति पुनर्जन्माच्या उंबरठ्यावर कोणती?

ब्रेस्टेडचा पक्ष अगदींच टाकाऊ नाहीं हें दाखविणारी एक हकीगत सांगून हें टिपण पुरें करितों. ब्रिटिश म्यूझियममध्यें हिरव्या यशबाचा, माणसाच्या चेहऱ्याचा, सोन्याच्या कोंदणांतला एक हृदय-भुंगेरा आहे. ज्ञात असलेल्या अतिप्राचीन हृदय-भुंगेऱ्यांत त्याची गणना होते. त्यावर सोबेकेमसाफ या राजाचें नांव आहे. या नांवाचे दोन राजे झाले, व हा त्यांपैकीं कोणाचा याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. त्यांतील एकाच्या कबरीवर, त्याच्या मरणानंतर चारशेंहून अधिक वर्षांनीं, नवव्या रामसेसच्या कारकीर्दींत दरोडा पडला. राजाच्या सोळाव्या वर्षीं आमेनपनुफेर नांवाचा पाथरवट पकडला गेला आणि त्याचा कबुलीजबाब लिहून घेण्यांत आला. आम्ही आठजण तांब्याचीं हत्यारें घेऊन कबरींत शिरलों, राजाच्या गळ्याशीं सोन्याचे पुष्कळ ताईत व दागिने होते, ते ओरबाडले, राणीचेहि घेतले, शवपेट्यांना आग लावली. एकूण सोनें १६० देबेन, म्हणजे बाराशें तोळ्यांच्या वर. प्रत्येकाच्या वांट्यास २० देबेन.

पुढें तो सांगतो कीं, कांहीं दिवसांनीं थीब्जच्या अधिकाऱ्यांस सुगावा लागून मला कोंडलें. तेव्हां माझ्या वांट्याचें वीसहि देबेन सोनें मीं बंदरावरच्या एका लेखनिकाला दिलें, आणि त्यानें मला सोडून दिलें. सोबत्यांकडे गेलों, तर त्यांनीं मला पुन्हां एक वांटा भरून दिला. आणि तेव्हांपासून आजतागायत मी इतर चोरांबरोबर याच धंद्यांत आहें.

ज्या पपायरसवर हा जबाब उतरला त्याचे पुढें आडवे दोन तुकडे झाले. खालचा आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत आहे. वरचा १९३५ सालीं ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत एका लांकडी मूर्तीच्या पोटांत सांपडला.